शेषेराव सर आणि विवाहितांचा गट

शेषेराव सर वांगीसुद्धा नमुना तपासल्याशिवाय घेत नसत. टोपलीतली वरची दोन, मधली दोन आणि तळातली दोन अशी काढून ती चिरून बघायची परवानगी मागणारं लातूरच्या गंजगोलाई बाजारातलं हे एकमेव गिऱ्हाईक. भाजीवाली ओरडायची, "सर, वांगी घ्यायलाव का सून बघायलाव?" सर गंभीरपणे सांगायचे, की दोन्हीला नियम एकच. त्यामुळं त्यांना चांगली वांगी कधी मिळाली नाहीत, आणि सदतिसावं वर्ष सरत आलं तरी बायकोही.

तर अशा माणसाला उज्वलाबाईंनी आठवड्याची मुदत दिली.

जिन्यात दिली. रविवारी सकाळी सर गच्चीवरून खाली येत होते, बाई खालून वर येत होत्या, आणि जिना घरमालक माणिकप्पांनी असा अरुंद बांधलेला, की दोघांपैकी एकानं मागं सरकल्याशिवाय सुटका नाही. बाई सरकल्या नाहीत.

"सर, नायगावच्या शाळेची ऑर्डर आलीय. येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय. माणिकप्पांनी मला तुमच्याबद्दल विचारलं. मी हो म्हणाले. तुम्हाला माझ्याबद्दल विचारून महिना होत आला, तुम्ही अजून 'बघू' म्हणताय. पुढच्या रविवारी सकाळच्या नांदेड गाडीनं मी निघणार. त्याआधी हो म्हणालात तर ऑर्डर परत पाठवीन. नाही म्हणालात तर जाईन. पण बघू म्हणायचं नाही."

सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी कठडा धरला आणि म्हणाले, "बघू."

उज्वलाबाई मूळच्या नांदेडच्या. लातुरात मुलींच्या एका वसतिगृहावर रेक्टर, आणि माणिकप्पांच्या तळमजल्यावर एका खोलीच्या भाडेकरू. 'नवऱ्यानं टाकलेली बाई' असं कुणी म्हटलं की त्या जागच्या जागी दुरुस्ती करत, "टाकलेली नाही. मी टाकलाय." ही दुरुस्ती त्या अशा आवाजात करत, की ऐकणारा पुरुष त्या दिवशी जरा लवकर घरी जाई. शेषेराव सरांनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा 'अरेरे' म्हटलं नाही, 'बरं झालं' म्हटलं नाही. फक्त विचारलं, "कोणत्या साली?" बाईंना हा माणूस तिथंच आवडला होता. लोकांना कशाकशावरून माणसं आवडतील, सांगता येत नाही.

मध्यस्थ होते हेच माणिकप्पा. गावाच्या कडेला त्यांचं रान होतं. त्यात ते पूर्वी सोयाबीन पेरत. पुढं लातुरात क्लास निघाले, जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं डॉक्टर आणि इंजिनिअर व्हायला येऊ लागली, आणि माणिकप्पांनी रानात खोल्या पेरल्या. "सर, खोलीला पाऊस लागत न्हाई, अळी पडत न्हाई," ते सांगायचे. "जूनला एकदा भरली की दोन वर्षं पीक उभंच." आता त्यांचा डोळा गच्चीवर होता. गच्चीवर अजून एक मजला चढवला की सहा खोल्या निघत होत्या. आडवी येत होती ती पत्र्याची एक खोली आणि तिच्यातले शेषेराव सर.

ही पत्र्याची खोली हे गल्लीतलं मोठं कोडं होतं. सर संख्याशास्त्राचे एम.एस्सी., क्लासमध्ये गणित शिकवायचे, आणि त्यांच्या नावावर पोरं येत. असा माणूस उन्हाळ्यात भाकरी भाजून निघेल अशा पत्र्याखाली राहतो, आणि खालची थंड स्लॅबची खोली दिली तर हात जोडतो! काही जण त्यांना कंजूष म्हणत, काही जण साधू. माणिकप्पांचा हिशेब सरळ होता. सरांचं लग्न झालं की बाई काही पत्र्याखाली नांदणार नाही. सर खाली येतील, गच्ची मोकळी होईल. मराठवाड्यात इतक्या निःस्वार्थ हेतूनं जुळवलेली सोयरीक दुसरी नसेल.

रविवारी दुपारभर सर पत्र्याखाली येरझाऱ्या घालत राहिले. हो म्हणायला जीभ उचलत नव्हती, नाही म्हणायला मन. संध्याकाळी माणिकप्पा वर आले तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर उजेड होता.

"माणिकप्पा, सापडलं. बाईमाणूस लग्नानं सुखी होतं की नाही, एवढंच ठरवायचंय ना? मग मोजू."

"काय मोजू?"

"सुख. चार गट करायचे. लग्न न झालेल्या, लग्न झालेल्या, नवरा वारलेल्या आणि नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. प्रत्येकीला विचारायचं, दहापैकी किती सुख. मग अनोव्हा लावायचा."

"हे कुठलं औषध?"

सरांनी समजावलं. क्लासच्या चार बॅचेसचे मार्क वेगवेगळे आले, तर तो फरक बॅचमुळं आहे की प्रत्येक बॅचमध्ये हुशार आणि ढ पोरांची खिचडी असतेच म्हणून, हे नुसत्या सरासरीवरून कळत नाही. गटागटांमधला फरक गटाच्या पोटातल्या फरकाच्या किती पट आहे, ते काढावं लागतं. त्या आकड्याला एफ म्हणतात. एफ मोठा निघाला, तर फरक खरा. छोटा निघाला, तर सगळा योगायोग.

"आणि लग्नवाल्या बायका जास्त सुखी निघाल्या तर?"

"तर हो म्हणेन."

"आन न्हाई निघाल्या तर?"

सरांनी वही उघडून चार रकाने आखले. माणिकप्पांना खाली उतरताना आपला मजला आकड्यावर लोंबकळताना दिसू लागला.

पुरुषांनाही विचारून बघावं, हा विचार सरांनी सोमवारीच सोडला. चहाच्या टपरीवर चाचणी घेतली होती. प्रत्येक नवऱ्यानं आधी मागं वळून बघितलं आणि मग 'दहा' म्हणून सांगितलं. आता बायका राहिल्या. पण बिनलग्नाच्या सरांनी परक्या बाईला 'तुम्ही सुखी आहात का' विचारायचं म्हणजे अनोव्हाच्या आधी पोलीस यायचे. बाईच हवी. आणि गल्लीतल्या सगळ्या बायका जिच्याशी मोकळं बोलत, अशी एकच बाई होती.

मंगळवारी सर तळमजल्याच्या दारात उभे राहिले. "बाई, एक अभ्यास करतोय. जरा मदत हवी होती."

"एम.फिल.चा?" बाईंनी विचारलं. सर एम.फिल. कैक वर्षं करत होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

सरांनी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. बाईंनी त्यांच्याकडं थोडा वेळ रोखून बघितलं. मुदतीतले दिवस संपत चाललेत आणि हा माणूस एम.फिल. घेऊन दारात आलाय! पण त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "द्या, कुणाकुणाला विचारायचं ते."

नमुना मात्र सरांनी असा काढला, की पुस्तकात छापावा. आवडीच्या बायका निवडायच्या नाहीत, सोयीच्या निवडायच्या नाहीत. गल्लीतल्या प्रत्येक खोलीची चिठ्ठी करून डब्यात टाकली, डबा हलवला, डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या. ज्या खोलीचा नंबर निघेल तिथली बाई. यात कुणालाही खोट काढता आली नसती.

बाई खोल्याखोल्यांतून फिरल्या. लातुरात सगळं मार्कांतच मोजतात, त्यामुळं प्रश्न कुणाला अवघड गेला नाही. "पैकीच्या पैकी मिळतेत का कुणाला?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "निगेटिव्ह मार्किंग हाय का ते सांगा आधी." बाई हसून उत्तरं आणत, सरांच्या हातात देत, आणि क्षणभर थांबत. सर मान खाली घालून आकडे उतरवत. बाई निघून जात. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी बाईंच्या दाराशी पत्र्याची ट्रंक आली. ती जिन्याच्या तोंडाशीच ठेवली होती. वर जाता येता सरांना तिला वळसा घालावा लागे.

शनिवारी वटपौर्णिमा होती. जून कोरडाच चालला होता. पत्रा असा तापला होता, की कॅल्क्युलेटरची बटणं मऊ पडली होती. सर बनियनवर बसून बेरजा करत होते. वर्गांची बेरीज, गटांमधली, गटांच्या पोटातली. प्रत्येक बेरीज पुन्हा केली. बिनलग्नाच्या बायका म्हणजे बहुतेक क्लासमधल्या शिक्षिका. त्यांचं सुख जेमतेम पास होण्याइतकं. विधवांचंही तसंच, वेगळ्या झालेल्यांचंही. आणि लग्न झालेल्या? एकीनं आठ दिलेले, दुसरीनं नऊ, तिसरीनं साडेआठ. आणि सगळ्या एकमेकींच्या इतक्या जवळ, की गटाच्या पोटात फरकच नाही!

एफ निघाला तो कोष्टकातल्या आकड्याच्या कितीतरी वर.

सर उठून उभे राहिले. डोकं पत्र्याला लागलं, चटका बसला, ते हसले. इतका मोठा एफ त्यांनी पुस्तकातल्या उदाहरणांतही बघितला नव्हता. लग्नानं बाई सुखी होते. पुरावा आहे. आता हो म्हणायला हरकत नाही, नव्हे, नाही म्हणायलाच जागा नाही! त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं आणि जिना उतरायला लागले.

खाली टँकर आला होता. घागरी, बादल्या, पोरांची ओरड. माणिकप्पा दोन्ही हात पसरून रांग लावत होते. त्यांनी सरांचा शर्ट बघितला आणि रांग सोडून धावले. "काय निघालं?"

"एफ मोठा आहे," सर कुजबुजले. "लग्न झालेल्या सगळ्यात सुखी."

"बसवेश्वरा!" माणिकप्पांनी तिथंच मनातल्या मनात पाया खणला. "मग थांबलाव कशाला? बाई वसतिगृहावरनं येतच असतील."

थांबण्यासारखं काहीच नव्हतं. पण सर सर होते. निष्कर्षाला एखाद्या वाक्याचा आधार द्यावा, म्हणून ते रांगेत पुढं उभ्या असलेल्या सिंधुताईंकडं वळले. सिंधुताई हदगावच्या. पोरगं बारावीला. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात वडाच्या पूजेचं ताट अजून तसंच. दिवसभराचा उपास, तरी चेहरा फुललेला.

"सिंधुताई, तुम्ही दहापैकी नऊ दिले ना? सुखाचं कारण काय सांगाल?"

सिंधुताईंनी घागर खाली ठेवली. "कारन? सर, हदगावात असताना रानात जा, गोठ्यात जा, सासूचं बघा, मालकाचं बघा. भाजीत मीठ जास्त, मीठ कमी. आता वर्ष झालं, म्या इथं, मालक तिथं. पोरगं क्लासला गेलं की दुपारची झोपून राहिले सर म्या! जल्मात कधी झोपले न्हवते."

"म्हणजे... मालक?"

"हदगावातच की. आज वडाला फेऱ्या मारल्या, देवाला म्हनलं, सात जल्म हाच नवरा दे बाबा. लई चांगला मानूस हाय. फकत असाच हदगावात ऱ्हाऊ दे."

रांग हसली. मागं हिमायतनगरच्या सुलतानबी होत्या. त्यांची पोरगी अलीझा मेडिकलच्या तयारीला. त्यांनी तोंडावरचा पदर बाजूला केला. "हाव सर, सच्ची बात. हमारे इनो बी उधर, हम इधर. फोन पे अब इत्ता मीठा बोलते की क्या बोलूं. शादी के बाद पैली बार!"

सरांनी रांगेवर नजर फिरवली. उदगीरची बाई, अहमदपूरची, देगलूरची. एकीचाही नवरा या गल्लीत नव्हता. नसतातच. पोरांबरोबर आया येतात, बाप रान आणि दुकान सांभाळायला मागं राहतात, हे लातुरात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. सर तर सात वर्षं याच गल्लीत राहत होते. इतकी वर्षं एखादी गोष्ट रोज बघितली, की ती दिसायची बंद होते. चिठ्ठ्या बिनचूक काढल्या होत्या, पण डबाच चुकला होता. त्यांच्या विवाहितांच्या गटात नवरा नावाचा प्राणीच नव्हता.

सर टँकरच्या चाकाला टेकले. इस्त्रीच्या शर्टावर ओघळ उतरला.

"काय झालं?" माणिकप्पा घाबरले.

"बाद," सर म्हणाले. "सगळा अभ्यास बाद."

"बाद म्हंजी?" माणिकप्पांचा आवाज टँकरच्या वर चढला. "मग लग्नाचं कसं हो सर? ह्या हिशेबावरच तर उज्वलाबाईंना हो का न्हाई सांगायचं होतं न्हवं तुम्हाला?"

सगळ्या बायका सरांच्या मागं बघत होत्या. सर वळले. उज्वलाबाई फाटकात उभ्या होत्या.

त्या सरळ चालत आल्या, सरांना ओलांडून जिन्यात गेल्या आणि ट्रंकेपाशी थांबल्या. सर मागोमाग गेले. माणिकप्पाही निघाले होते, पण सुलतानबींनी त्यांच्या हातात आपली बादली दिली.

"मी दारोदार फिरले," बाई म्हणाल्या. आवाज खाली होता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "बायका माझ्यापाशी काय काय बोलल्या. मी म्हटलं, या माणसाचं एम.फिल. तरी पुरं होऊ दे. आणि तुम्ही माझ्याकडूनच माझा निकाल गोळा करून घेत होतात?"

"बाई, तसं नाही..."

"माझ्या खोलीची चिठ्ठी नव्हती डब्यात?"

सर ट्रंकेकडं बघायला लागले.

"होती की नव्हती?"

"होती. निघाली होती. दुसऱ्यांदाच."

"मग मला का नाही विचारलं?"

"परत टाकली," सर म्हणाले. आयुष्यात त्यांनी नमुन्यात एवढी एकच लबाडी केली होती. "तुम्ही कमी आकडा सांगितला असता तर ऐकवला नसता. आणि जास्त सांगितला असता तर... तर तुम्हाला माझ्याकडं आणून मी तो कमी करायचा?"

बाईंनी ट्रंकेवरचा हात काढला. "म्हणजे भीती माझी होती? तुमची नाही?"

सर जिन्याच्या पायरीवर बसले. किल्लारीच्या पट्ट्यातलं आपलं गाव ते कधी कुणापुढं काढत नसत. आज ते तुटक तुटक निघालं. आईवडील आधीच गेलेले. घरात थोरला भाऊ आणि हे. दोघं अंगणात झोपायचे. त्या वर्षी भावाचं लग्न झालं, वहिनी आली. लग्न झालेल्या माणसानं आत झोपायचं. डोक्यावर दगडामातीचं माळवद. गणपती बुडवून सगळे दमून झोपले, आणि पहाटेच्या आधी जमीन हलली, घर खाली बसलं. अंगणात एकटे शेषेराव उरले.

"भाऊ निदान आमच्या घरचा होता," ते म्हणाले. "ती परक्याची पोर. तिचं माहेर बार्शीकडं. तिथं फडताळातली कपबशीसुद्धा फुटली नाही. आमच्या घरात आली नसती तर ती आज असती. लोक म्हणतात पत्र्याखाली का राहतो. माझ्या डोक्यावर काहीही पडू दे, मला त्याचं काही वाटत नाही. पण दुसऱ्या कुणाला छपराखाली बोलवायचं म्हणजे..."

बाहेर टँकरचं पाणी संपलं होतं आणि बायका रिकाम्या बादल्यांवरून भांडत होत्या. बाईंनी खाली वाकून ट्रंकेची कडी लावली.

"मला वाईट वाटलं, सर. खरंच वाटलं. पण यात माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. सकाळी गाडी आहे."

रविवारी सकाळी सरांच्या बॅचची टेस्ट होती. पोरं बाकांवर बसून वाट बघत होती, आणि सर कालच्याच इस्त्रीच्या शर्टात, पायात घरातल्या चपला घालून बसस्टँडकडं धावत होते. नांदेडची लाल गाडी फलाटाला लागली होती. माणिकप्पा ट्रंक डोक्यावर घेऊन दाराशी उभे. चेहरा असा, की गावात मयत झाली असावी. उज्वलाबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी सरांना येताना बघितलं आणि समोरच्या सीटकडं नजर वळवली.

सर खिडकीखाली येऊन थांबले. धाप लागली होती.

"माझा नमुना चुकला," ते म्हणाले.

"ते काल कळलं."

"आता माझ्यापाशी एकही आकडा नाही. पुराव्यानं काही सांगता येत नाही."

"मग बिनपुराव्याचं सांगा."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. सगळी गाडी खुळखुळायला लागली. सरांनी खिडकीचा गज धरला तर गजही थरथरत होता. जमीन हलल्यासारखी वाटली. जगात ज्या एका गोष्टीला ते घाबरत होते, ती आत्ता त्यांच्या हातातून दंडात चढत होती. त्यांनी गज सोडला नाही.

"हो," ते म्हणाले.

"ऐकू आलं नाही. इंजिन चालू आहे."

"हो!" सर ओरडले. फलाटावरची चार पोरं दचकून वळली. त्यातली दोन टेस्ट बुडवून गावी निघाली होती. त्यांनी सरांना बघून बॅगा तोंडापुढं धरल्या.

माणिकप्पांनी ट्रंक खाली घ्यायला हात वर केले. "चला बाई, उतरा! ऑर्डर परत पाठवून टाकू."

"ऑर्डर परत जाणार नाही," बाई म्हणाल्या. "त्याची मुदत काल जिन्यात संपली. मी रुजू होणार. लग्नही करणार. पण राहणार नायगावात. सर लातुरात राहतील. का सर, सुखी गट तोच आहे ना? आकडे तर मीच गोळा केलेत."

"म्हंजी सर गच्चीवरच?" माणिकप्पा म्हणाले, आणि ट्रंक त्यांच्या पायावर पडली.

सरांनी सगळी हिंमत एका 'हो'साठी गोळा करून आणली होती. आता दुसरं 'हो' लागणार होतं. बाई थट्टा करतायत की खरं बोलतायत, ते कळायला मार्ग नव्हता. शिक्षा असेल. सूट असेल. कदाचित दोन्ही. "पण बाई, तो निष्कर्ष बाद आहे," ते काकुळतीनं म्हणाले. "त्यावर असं काही ठरवता येत नाही."

"मी निष्कर्षावर नाही ठरवत. मला नोकरी हवीय, आणि तुम्हीही. पुढचं पुढं. जमत असेल तर येत्या रविवारी नांदेडला माझ्या भावाकडं या आणि रीतसर बोला. जमत नसेल तर आत्ता सांगा."

कंडक्टरनं दार ओढलं. "चला, चला, मागं सरा! ओ इस्त्रीवाले, गाडी सोडा!"

येता रविवार. मध्ये अख्खा आठवडा. सरांना तो आठवडा स्पष्ट दिसला. सोमवारी शंका, मंगळवारी डबा, बुधवारी चिठ्ठ्या. शनिवारपर्यंत एखादा नवा एफ नक्की निघाला असता. त्यांनी गज सोडला, वळसा घालून दाराशी गेले आणि अर्धवट लागलेल्या दारातून आत घुसले. माणिकप्पांनी एका पायावर उड्या मारत त्यांच्या मागं ट्रंक आत ढकलली.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"नांदेड. आजच."

उज्वलाबाईंनी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. सर सीटच्या अगदी कडेला बसले, अर्धे सीटवर आणि अर्धे वाटेत. गाडी स्टँडबाहेर पडून नांदेड रोडला लागली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. गाल आसवांनी ओला होता की घामानं, ते सरांनी बघितलं नाही.

"भाऊ विचारेल, हे कोण आणि कशाला आले," बाई शेवटी म्हणाल्या.

"त्यांना सांगा, बघायला या म्हणावं. मला. काय हवं ते विचारा म्हणावं."

"तो फार विचारतो. माझा पहिला नवरा त्यानंच पसंत केला होता. तेव्हा काही विचारलं नव्हतं, म्हणून आता सोडत नाही. गाव विचारेल, घर विचारेल. घरातली माणसं विचारेल."

पुढच्या थांब्याला कंडक्टरनं घंटी मारली, गाडी थांबली आणि दार उघडलं. सरांनी दाराकडं बघितलं. मग ते सीटवर आणखी थोडे आत सरकले.

"सांगेन," ते म्हणाले.